बदली झाली: फ्लॅट भाड्याने द्यावा की कुलूप घालून ठेवावा?
पुण्याहून बंगळुरूला बदली झाली तेव्हा आई म्हणाली, "परक्याला कशाला? कुलूप घाल."

घातलं. मेंटेनन्स आणि मालमत्ता कर मात्र चालूच. पावसाळ्यानंतर दार उघडलं तर मोरीच्या जाळीखालचं, वास अडवणारं पाणी आटून ड्रेनेजचा वास घरभर, आणि दिवाणातल्या गाद्यांवर हिरवी बुरशी! दिवाळीला स्वतःच्या घरी उतरता येतं, एवढंच सुख.

भाड्याने द्यायचं तर लिव्ह अँड लायसन्स करार, म्हणजे ठरावीक मुदतीपुरती घर वापरण्याची परवानगी, बहुधा ११ महिन्यांचा. 'अकराच महिने, मग नोंदणी कशाला' हा गैरसमज महाराष्ट्रात चालत नाही. १९९९ च्या भाडे नियंत्रण कायद्याच्या कलम ५५ नुसार नोंदणी सक्तीची, आणि जबाबदारी घरमालकाची. ती ऑनलाइन होते, त्यामुळे खेप वाचते. मुदत संपूनही माणूस हलेना तर घराचा ताबा परत मिळवायला त्याच कायद्याचं कलम २४ कामी येतं. मालक स्वतः न राहता घर भाड्याने देतो म्हणून सोसायटी घेते ते बिनभोगवटा शुल्क सेवा शुल्काच्या १० टक्क्यांपुरतंच. प्राप्तिकरात, भरलेला मालमत्ता कर भाड्यातून वजा केल्यावर उरलेल्या रकमेवर ३० टक्के सरसकट वजावट. भिंतीला खिळे ठोकले जाणार, हे धरूनच चाला.

वर्षाच्या आत परतणार असाल तर कुलूप ठीक. आम्ही यंदा भाडेकरू ठेवलाय. आई अजून धुसफुसतेय.