जॉब डिस्क्रिप्टिव्ह इंडेक्स : नोकरीतील समाधान मोजणारी भरवशाची प्रश्नावली

पॅट्रिशिया स्मिथ, लॉर्न केंडल आणि चार्ल्स ह्युलिन यांनी 1969 मध्ये मांडलेली ही प्रश्नावली आमच्या विभागात वापरल्यानंतर, नोकरीविषयीची वृत्ती मोजण्यासाठी मी तिचीच शिफारस करेन. प्रत्यक्ष काम, वेतन, बढतीची संधी, वरिष्ठ आणि सहकारी या पाच बाजूंवर मिळून 72 छोटी विधाने आहेत. ‘कंटाळवाणे’, ‘समाधान देणारे’ अशा एकेका शब्दापुढे ‘होय’, ‘नाही’ किंवा प्रश्नचिन्ह लिहायचे असते, त्यामुळे ज्यांना लांबलचक वाक्ये वाचण्याचा कंटाळा येतो, तेही ती मनापासून भरतात.

मला सर्वाधिक भावली ती गुणांकनाची पद्धत. अनुकूल उत्तराला 3, प्रतिकूल उत्तराला 0, पण प्रश्नचिन्हाला मधला दीड नव्हे, तर 1 गुण मिळतो. कारण ठामपणे सांगू न शकणारा कर्मचारी समाधानापेक्षा असमाधानाच्या अधिक जवळ असतो, असे संशोधकांना आढळले. व्यवस्थापनाने अशा उत्तरांकडे ‘तटस्थ’ म्हणून काणाडोळा करू नये, असे मला कळकळीने वाटते.

पाच बाजूंची बेरीज म्हणजे एकंदर समाधान नव्हे. त्यासाठी पुढे स्वतंत्र पुरवणी मापनश्रेणी तयार झाली आणि तीही सोबत घ्यावी. मात्र या गुणांवरून कोणाची कार्यक्षमता किंवा भावी यश ठरवू नये. संशोधक टिमथी जज आणि सहकाऱ्यांनी 2001 मध्ये अनेक अभ्यासांच्या केलेल्या एकत्रित विश्लेषणात समाधान व कामगिरी यांचा सहसंबंध सुमारे 0.30, म्हणजे मध्यमच, आढळला होता. बढतीच्या निर्णयासाठी ही प्रश्नावली वापरू पाहणाऱ्यांनी ती घेऊ नये.