रीमॅप केलेली पोलो आणि स्पार्क प्लग: चवथीपासून शिगम्यापर्यंतचा अनुभव

निष्कर्ष आधीच सांगतो. माझ्या फोक्सवॅगन पोलोला (१.० टीएसआय, म्हणजे टर्बो पेट्रोल) स्टेज १ रीमॅप, म्हणजे इंजिनच्या कॉम्प्युटरचं सॉफ्टवेअर बदलून थोडी ताकद वाढवणं, आणि एअर फिल्टर एवढंच केलंय. इतपत कामाच्या गाडीला कंपनीच्याच हीट रेंजचे (प्लग किती लवकर उष्णता सोडतो ते) इरिडियम प्लग घ्यावेत आणि गॅप, म्हणजे ठिणगी उडते ती फट, थोडा कमी करून बसवावेत. रीमॅपबरोबर ट्यूनरने एक नंबर कोल्ड, म्हणजे उष्णता जास्त लवकर सोडणारे, प्लग दिले होते, त्यांच्यावर अख्खा पावसाळा काढला. चवथीच्या आधी हे दुसरे बसवले आणि आता शिगमो (गोव्यातला होळीच्या सुमाराचा सण) उरकलाय. दोन्हींत फरक चांगलाच पडला.

गाडी कुठे फिरते ते कळल्याशिवाय प्लगची चर्चा फुकट आहे. रोजचा प्रवास गोव्यातच, डिचोली, अस्नोडा, म्हापसा, पणजी. पर्वरीत उड्डाणपुलाच्या कामाने पहिला-दुसरा गिअर सोडून काही लागत नाही, एसी लावून नुसतं सरकत राहायचं. आणि मधूनच एखाद्या रविवारी साखळी, केरी करत चोर्ला घाट चढून बेळगाव. तेव्हा मात्र टर्बो पूर्ण जोरात असतो. एकाच प्लगकडून या दोन उलट अपेक्षा आहेत.

प्लगचं टोक साधारण ४५० ते ५०० अंश सेल्सिअसच्या वर गेलं की त्यावरचा कार्बन आपोआप जळून जातो. तेच टोक ८०० च्या पुढे तापलं तर ठिणगी पडायच्या आधीच मिश्रण पेटू शकतं, आणि त्यात पिस्टनला भोक पडायला वेळ लागत नाही. टोक किती तापणार हे आतल्या चिनी मातीच्या नाकावर ठरतं. नाक लांब असेल तर उष्णता इंजिनच्या हेडमध्ये उतरायला वेळ लागतो, तो हॉट प्लग. आखूड असेल तर कोल्ड. एनजीके आणि डेन्सोमध्ये आकडा वाढला की प्लग कोल्ड होतो, बॉशमध्ये नेमकं उलट. दुकानात ब्रँड बदलून घेताना हे डोक्यात ठेवाच.

एनजीकेचा ढोबळ हिशेब असा, की इंजिनची ताकद ७५ ते १०० हॉर्सपॉवरने वाढली तर एक नंबर कोल्ड जावं. माझी गाडी मुळात ११० पीएसची. स्टेज १ ने ती त्या वाढीच्या जवळपाससुद्धा जात नाही. तरीही 'रीमॅप केला की कोल्ड प्लग' हे समीकरण इतकं रुजलंय की कुणी विचारतच नाही.

पावसाळाभर सकाळी थंड इंजिन सुरू केलं की पहिली काही मिनिटं आयडल (गाडी उभी असतानाचा इंजिनचा वेग) खालीवर व्हायचा. पर्वरीच्या रांगेतून सुटल्यावर पाय दाबला की गाडी क्षणभर अडखळून मग ओढायची. प्लग काढले तेव्हा कारण समोरच होतं. तिन्ही प्लगच्या टोकांवर कोरडी काळी काजळी, चिनी माती दिसेना, बोटाने पुसली की बोट काळं. तेलाचा ओलसरपणा कुठेच नव्हता, म्हणजे इंजिन ठणठणीत होतं. टोक स्वतःला साफ करण्याइतकं तापतच नव्हतं, एवढीच गोष्ट. आता ऋतू बदललाय हे खरं, पण पर्वरीची रांग तीच आहे. परवा नवे प्लग उघडून पाहिले तर चिनी माती फिकट बदामी आणि इलेक्ट्रोडच्या कडा अजून धारदार. जास्त तापून पांढरेफटक पडलेले, फोड आलेले किंवा ॲल्युमिनियमचे बारीक ठिपके दिसणारे प्लग असते, तर घाट बंद करून आधी ट्यूनर गाठला असता.

पण मला खरं बोलायचंय ते गॅपबद्दल. हीट रेंजवर सगळे भांडतात, गॅपकडे कुणी बघत नाही.

कोल्ड प्लग होते तेव्हा चोर्ल्यात वळण संपवून तिसऱ्या गिअरमध्ये दोन-अडीच हजार आरपीएमवर पूर्ण पाय दिला, की गाडी गचके मारायची आणि चेक इंजिनचा दिवा लुकलुकायचा. हा दिवा लुकलुकला तर पाय लगेच काढा, न जळलेलं पेट्रोल सायलेन्सरच्या वाटेवरचा, धूर साफ करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर खराब करतं. स्कॅनरवर पी०३०२ आला, म्हणजे दुसऱ्या सिलिंडरची मिसफायर, तिथलं मिश्रण नीट पेटत नव्हतं. डिचोलीतल्या माझ्या मेकॅनिकने दुसऱ्याची कॉइल (प्लगला ठिणगीसाठी व्होल्टेज देणारा भाग) तिसऱ्यावर लावून पाहिली. कोड तिसऱ्यावर सरकला नाही, म्हणजे कॉइल निर्दोष. "पात्रांव, नवी कॉइल घेऊ नका, गॅप बघूया," असं तो म्हणाला म्हणून कॉइलचे पैसे वाचले.

रीमॅपनंतर बूस्ट, म्हणजे टर्बो हवा आत ढकलतो तो दाब, वाढतो, सिलिंडरमधला दाब वाढतो, आणि दाट हवेतून ठिणगी उडवायला कॉइलला जास्त व्होल्टेज लागतं. गॅप मोठा असेल तर कॉइल कमी पडते आणि ठिणगी विझते. म्हणूनच गचका वरच्या आरपीएमला येत नाही, टॉर्क भरात असतो तिथे येतो. नव्या प्लगचा गॅप आम्ही ०.७ मिमीच्या आसपास आणला. त्याच वळणांवर, त्याच गिअरमध्ये एकदाही मिसिंग नाही. याहून कमी करू नये. ठिणगी फार आखूड झाली की मिश्रण नीट पेट घेत नाही आणि आयडलला थरथर येते.

गॅप कमी करताना फक्त बाहेरचा, वाकवता येणारा इलेक्ट्रोड हलवायचा. मधल्या इरिडियमच्या टोकाला पान्याचा स्पर्शही नको. ते टोक ०.४ ते ०.६ मिमी जाडीचं असतं, जरा कललं की तुटतं. नाण्यासारखा गोल गेज इथे चालत नाही, वायर गेज घ्या. आणि प्लग हातून खाली पडला तर तो लावूच नका.

इरिडियमने पॉवर वाढते असं कुणी सांगितलं तर सोडून द्या. त्याचा फायदा दोन गोष्टींत आहे: टोक बारीक म्हणून कमी व्होल्टेजमध्ये ठिणगी पडते, आणि ते लवकर झिजत नाही. साधा निकेलचा प्लगही तितकाच जोर देतो, फक्त लवकर बदलावा लागतो.

बसवताना इंजिन पूर्ण थंड हवं, हेड ॲल्युमिनियमचं आहे, आटे गेले तर मोठा खर्च. टॉर्क रेंचवर मॅन्युअलमधला आकडा लावा. १४ मिमीच्या वॉशरवाल्या प्लगला साधारण २५ ते ३० न्यूटन मीटर पुरतात. आट्यांना ग्रीस नको, कोटिंग असलेल्या प्लगला त्याची गरज नसते आणि ग्रीसमुळे तो नकळत जास्त आवळला जातो.

आपल्याकडच्या पावसासाठी एवढं मात्र करा. कॉइल काढल्यावर, प्लग सोडवण्याआधी, प्लगच्या विहिरीत (प्लग बसतो त्या खोल भोकात) एअर मारून घ्या, दमट हवेने तिथे गंज आणि माती साठते आणि ती थेट सिलिंडरमध्ये पडू शकते. कॉइलच्या रबरी बुटात आतून डायइलेक्ट्रिक ग्रीसचा (वीज न वाहणाऱ्या ग्रीसचा) पातळ हात फिरवा. येत्या मेच्या शेवटी हेच प्लग काढून गॅप पुन्हा मोजणार आहे. कडा शाबूत असतील तर याच सेटवर पुढचा पावसाळाही निघेल.