ब्रेक उलटा, बिअर थंड: बोपदेवची एमटीबी राइड

पाचपैकी साडेतीन. त्यातला अर्धा तारा टेम्पोवाल्या काकांचा, हे आधीच सांगून टाकते.

कोजागिरीनंतरच्या शनिवारी आम्ही चौघी पुण्याजवळच्या बोपदेव घाटात भाड्याच्या माउंटन बाइक (एमटीबी) चालवून आलो. तिघी शाळेपासूनच्या मैत्रिणी, चौथी माझी धाकटी जाऊ. माणशी बाराशे रुपये. त्यात सायकल, हेल्मेट, पुढचा-मागचा दिवा, वाट दाखवायला एक मुलगा, आणि राइड संपल्यावर आपण जिथे बसू तिथून सायकली उचलून न्यायला टेम्पो. खरं तर या टेम्पोसाठीच मी पैसे भरले. बिअर पिऊन अंधारात सायकलवर घाट उतरायची हौस कॉलेजात फिटली. गाडी दुपारीच सासवड रस्त्यावरच्या हॉटेलासमोर लावून ठेवली. जाऊ पीत नाही, त्यामुळे परतीचं स्टिअरिंग तिच्याकडे.

सायकली दिसायला झकास. धुतलेल्या, चेनला ताजं तेल, २९ इंची चाकं, हायड्रॉलिक डिस्क ब्रेक. मी लेडीबर्डवरून शाळेत गेलेली बाई, मला तर विमानच वाटलं. त्या मुलाने प्रत्येकीला शेजारी उभं करून सीट कमरेच्या हाडाला लावून बघितली, ते आवडलं. एवढं कुणी करत नाही.

टायर मात्र दगड. अंगठ्याने दाबले तर तसूभर आत जाईनात. म्हटलं, हवा जास्त आहे का? तर, "नाही ताई, कमी असली की पंक्चर होते." डांबरावर चालून गेलं असतं. पण घाटमाथा सोडून कानिफनाथाच्या देवळाच्या बाजूच्या मुरमाड वाटेला लागलो, आणि चाकाखालून खडे गोट्यांसारखे सटकायला लागले. चढावर पॅडल मारावं तर मागचं चाक जागच्या जागी फिरतंय. शेवटी आमच्यातली एकजण, जी दर रविवारी पहाटे सिंहगड पायथ्याला जाते, तिने न विचारता चौघींच्या व्हॉल्व्हमधून थोडी थोडी हवा सोडली. टायर जरा बसला आणि सायकल वाटेला धरून चालायला लागली. तो मुलगा नुसता बघत राहिला.

आता मुख्य तक्रार. आपल्याकडे सायकलीचा पुढचा ब्रेक मोटरसायकलसारखाच उजव्या हाताला असतो. अमेरिकेत वगैरे तो डावीकडे. माझ्या सायकलीचा डावीकडे निघाला. मला कळलं कधी, तर उतारावर समोर शेळी आली तेव्हा! पस्तीस वर्षांच्या सवयीने मागचा म्हणून डावा दाबला, पुढचं चाक जागीच अडलं आणि मी हँडलवरून गवतात. कोपर सोलवटलं, गुडघ्याला मुरूम चिकटला. शेळी ढिम्म. मुलगा धावत आला आणि म्हणाला, "ताई, या सायकलीचा उलटा आहे." अरे, हे आत्ता सांगतोस? सीट लावताना एक वाक्य बोलला असतास तर?

माथ्यावरची पाऊण तास शांतता मात्र पैसे वसूल करणारी. एका अंगाला पुरंदर, मागे सिंहगडाचा टीव्हीचा मनोरा, गवत नुकतंच पिवळं पडायला लागलेलं. सूर्य सव्वासहाच्या सुमाराला गेला. देवळात जायचं राहिलं.

मग हॉटेल. परमिट रूम खाली, वर 'फॅमिली सेक्शन'. मातीने माखलेल्या, हातात हेल्मेट घेतलेल्या चार बायका बघून वेटर क्षणभर थबकला आणि जिन्याकडे बोट दाखवलं. टीव्हीवर मॅच ठणाणा करत होती, बंद करायला सांगितलं तर फक्त आवाज कमी केला. पण न मागता फडक्यात बर्फ बांधून माझ्या कोपरासाठी आणला, त्यामुळे माफ. तिघींत दोन मोठ्या बाटल्या, जावेला खारा लिंबू सोडा. शेंगदाणे कांदा-कोथिंबीर-लिंबू मारून, तेही गरम. मसाला पापड मऊ पडलेला होता, तो नका मागवू.

आठ वाजता काका टेम्पो घेऊन हजर. घड्याळ लावून घ्यावं असे. प्रत्येक सायकलमध्ये दुमडलेलं गोणपाट, गिअर बदलणाऱ्या डिरेलरची बाजू वर, मग दोरी. माझं कोपर बघून विचारलं, "कुठली सायकल होती?" दाखवली. त्यांनी खिशातून लाल चिंधी काढली, डाव्या लिव्हरला दोन गाठी मारून बांधली आणि त्या मुलाकडे बघून म्हणाले, "उद्या बाकीच्या पण बघ."

तुम्हाला चिंधी बांधलेली सायकल मिळाली, तर ती माझीच.