दिवस कसे ओळखायचे? दिवसाआड, पट्टी, थर्मामीटर की सोनोग्राफी

सोलापूरच्या गड्ड्याच्या जत्रेत भेटलेली लांबची मावशीसुद्धा "काय गं, काही बातमी?" म्हणून विचारते आणि त्या रात्री मोबाईलवर शोधाशोध सुरू होते. चान्स घेऊनही महिने नुसतेच जात असतील, तर गर्भ राहण्याचे नेमके दिवस ओळखायच्या पद्धतींचा हा हिशेब तुमच्यासाठी. मी यातली प्रत्येक करून पाहिली आहे.

आधी एक गोष्ट पक्की करा. अंडं फुटल्यावर, म्हणजे बीजकोशातून बाहेर पडल्यावर, ते १२ ते २४ तासच टिकतं, शुक्राणू मात्र आत ५ दिवसांपर्यंत जगू शकतात. म्हणजे महिन्यात जेमतेम ६ दिवस कामाचे, अंडं फुटायचा दिवस आणि त्याआधीचे पाच. सगळा घोळ होतो तो "चौदाव्या दिवसा"मुळे. चौदा दिवस मोजायचे असतात ते पुढच्या पाळीपासून मागे. पाळी २८ दिवसांनी येत असेल तर पाळीच्या पहिल्या दिवसापासून मोजलेला चौदावा दिवस बरोबर येतो. ३५ दिवसांनी येत असेल तर साधारण एकविसावा, आणि तोवर बिचारी बाई दमून गप्प बसलेली असते.

दिवसाआड संबंध ठेवणं ही सगळ्यात सोपी, बिनखर्चाची पद्धत. पाळी साधारण २८ दिवसांनी येत असेल तर आठव्या-दहाव्या दिवसापासून विसाव्यापर्यंत दिवसाआड, तेही जमलं नाही तर महिनाभर दोन-तीन दिवसांनी. बाई चाळिशीच्या आतली असेल, तर अशा शंभर जोडप्यांपैकी ८० हून जास्त जणांना वर्षभरात दिवस राहतात. दोघं रोज एका घरात असाल तर माझं मत सरळ याच बाजूने. संबंधानंतर पाय वर करून पडून राहायचीही काही गरज नाही.

पण नवरा कारखान्यात रात्रपाळीला असेल, किंवा पुण्याला नोकरी आणि शनिवारी रात्री सोलापूर गाठणारा असेल, तर दिवसाआड जमायचं कसं? तिथे मेडिकलमधली ओव्ह्युलेशनची, म्हणजे अंडं फुटायची वेळ सांगणारी, पट्टी उपयोगी पडते. पाळीचे जितके दिवस, त्यातून १७ वजा करायचे. २८ ची पाळी असेल तर अकराव्या दिवसापासून रोज पट्टीवर लघवी तपासायची. तपासणीची रेघ शेजारच्या रेघेइतकी गडद दिसली की पुढच्या २४ ते ३६ तासांत अंडं फुटण्याची शक्यता असते. तो दिवस आणि दुसरा दिवस सोडू नका. मे महिन्यात आपण तांब्यावर तांब्या पाणी आणि ताक पितो. तपासणीच्या आधीचे दोन तास तेवढं आवरा, नाहीतर लघवी पातळ होऊन रेघ फिकट उमटते. पीसीओडी (बीजकोशाचा त्रास, ज्यात अंडं वेळेवर फुटत नाही) असेल तर मात्र पट्टी फसवते, कित्येकदा रोजच गडद रेघ दाखवते.

पट्टीच्या आधी शरीर स्वतःच सांगत असतं. त्या दिवसांत अंगावरून जाणारं पांढरं अंड्यातल्या पांढऱ्या बलकासारखं होतं, पारदर्शक, दोन बोटांत धरलं तर तार ओढता येईल असं. आपल्याकडे याला आजार समजून बायका वर्षानुवर्षं मनात लाज बाळगतात. खाज किंवा वास असेल तर डॉक्टरांना दाखवा, नसेल तर ती चांगली खूण आहे.

थर्मामीटरचा प्रयोग मी दीड महिन्यात सोडला. पहाटे अंथरुणातून उठायच्या आधी तोंडात धरायचा. अंडं फुटून गेल्यावर तापमान अर्ध्या अंशाच्या आतबाहेर चढतं, म्हणजे गाडी गेल्यावर कळतं. त्यात आपल्याकडे नळाला पाणी काही दिवसांआड, कधी पहाटे तीनला. मोटार लावायला उठलं की त्या दिवसाची नोंद गेलीच.

फॉलिक्युलर सोनोग्राफी सगळ्यात नेमकी. नवव्या-दहाव्या दिवसापासून दर दोन दिवसांनी आतून तपासतात आणि अंड्याची पिशवी (फॉलिकल) १८-२० मिलिमीटरच्या पुढे गेली की वेळ सांगतात. पाळी दोन-दोन महिने लांबत असेल किंवा अंडं तयार व्हायच्या गोळ्या चालू असतील, तर हीच घ्या. नियमित पाळी असलेल्या पंचविशीतल्या मुलीने मात्र पहिल्याच महिन्यात रिक्षा आणि रांगेत जीव दमवू नये. आणि तिथे कुणी "मुलासाठी अमुक दिवस" सांगायला लागलं, तर उठून या. ते खोटं आहे आणि लिंगनिवड हा कायद्याने गुन्हा आहे.

आता मला सगळ्यात कळकळीने सांगायचं आहे ते. माझ्या सोनोग्राफीची फाइल जाडजूड झाली, तेव्हा कुठे ह्यांची पहिली वीर्यतपासणी झाली. अडचण असलेल्या जोडप्यांपैकी जवळजवळ निम्म्यांत पुरुषाचाही वाटा असतो, आणि ही तपासणी सगळ्यात सोपी: २ ते ७ दिवस संबंध टाळायचे आणि नमुना द्यायचा. ती आधी करा. शुक्राणू तयार व्हायला साधारण अडीच महिने लागतात, त्यामुळे मावा, गुटखा, विडी आज सोडली तर फरक तीन महिन्यांनी दिसेल. उष्णताही त्यांना मानवत नाही. लूमच्या शेडमध्ये दिवसभर उभं राहणाऱ्यांनी निदान सैल सुती कपडे घालावेत, मांडीवर लॅपटॉप घेऊ नये.

फॉलिक अॅसिडची ४०० मायक्रोग्रॅमची गोळी बाईने आजपासूनच सुरू करावी, दिवस राहायची वाट न बघता. थायरॉइड आणि हिमोग्लोबिनही एकदा बघून घ्या.

वय ३५ च्या आत असेल तर वर्षभर प्रयत्न करा, पुढे असेल तर सहा महिनेच. पाळी येतच नसेल, पूर्वी टीबी किंवा पोटाचं मोठं ऑपरेशन झालं असेल, किंवा नवऱ्याला मोठेपणी गालगुंड होऊन वृषण सुजले असतील, तर एक महिनाही न घालवता दोघांनी मिळून डॉक्टरांकडे जा. केसपेपर दोघांच्या नावाने काढा.