नेमका शोध की सैल शोध?

कोल्हापूर परिसरातील आपल्या घराण्याचा मागोवा घेताना नाव, आडनाव आणि साल जसेच्या तसे धरावे, की तिन्ही थोडी सैल सोडावीत? नेमक्या शोधात मोजक्याच नोंदी हाती येतात. सातबारा किंवा अलीकडची जन्म-मृत्यू नोंदवही पाहण्यास तेवढे पुरते. जुन्या मोडी कागदांत मात्र हीच काटेकोर वृत्ती आडवी येते. कारण मोडीत ऱ्हस्व-दीर्घ वेगळे लिहीत नाहीत, शब्दांमध्ये जागा सोडत नाहीत, आणि घरात ‘तुकाराम’ म्हणून ठाऊक असलेला खापरपणजा कागदावर ‘तुका बिन राणू’ (राणूचा मुलगा तुका) असा आडनावाशिवाय किंवा वतनावरून नुसता ‘पाटील’ म्हणून भेटतो. सालाचेही तसेच, शकात ७८ किंवा फसली या महसुली सालात ५९० मिळवून काढलेले इसवी सन एखाद्या वर्षाने चुकू शकते. सैल शोधाने नावांचा ढीग पुढ्यात पडतो हे खरे, पण गाव, जमिनीची चतुःसीमा आणि बापाचे नाव यांच्या आधारे तो चाळता येतो. गावात हेळवी, म्हणजे घराण्यांच्या वंशावळी सांगणारा, येत असल्यास त्याच्याकडची वंशावळ आधी ऐकून घ्यावी. माझा कल सैल शोधाकडेच आहे. मात्र सलग तीन पिढ्यांची नावे जुळल्याखेरीज सापडलेला माणूस आपल्या वंशावळीत बसवू नये.