पॉलिहाऊसचा ओलावा-आर्द्रता कंट्रोलर: उन्हाळा-पावसाळा वापरल्यानंतर

संच काय असतो ते इथल्या बहुतेकांना ठाऊक आहे: मातीत ओलावा मोजणारा प्रोब, वर हवेतल्या आर्द्रतेचा सेन्सर, आणि त्यांच्या आकड्यांवर ड्रिप आणि फॉगर (बारीक तुषार उडवणारे नोझल) आपोआप. वडगाव मावळजवळच्या आमच्या 10 गुंठ्यांच्या नव्या पॉलिहाऊसमध्ये (प्लॅस्टिकच्या हरितगृहात) जरबेऱ्याच्या फुलांवर तो चालतोय. लिहायला बसलो ते मात्र त्याच्या वायरमुळे.

आर्द्रतेच्या सेन्सरला कंपनी जेमतेम 3 मीटर वायर देते. त्यांच्या माणसाने कंट्रोलर खांबावर उंच ठोकला आणि सेन्सर पार ट्रसला (छताच्या सांगाड्याला) टांगला. श्रावणात सर ओसरून ऊन पडलं की वरची हवा आधी तापते. 25 अंशांना 80 टक्के आर्द्रता असलेली हवा 30 अंशांवर गेली की सेन्सर 60 दाखवतो, हवेतलं पाणी तेवढंच असलं तरी (गरम हवेत पाणी जास्त मावतं). कंट्रोलरने वरचे 60 वाचून फॉगर सोडायचा आणि खाली फुलांजवळ आधीच 80! पाकळ्यांवर बोट्रायटिस बुरशीचे ठिपके आले. असा माल पुण्याच्या गुलटेकडी मार्केटला कोण उचलणार?

सुरुवातीला सेन्सरचाच संशय होता. मग मीठ थोड्या पाण्यात ओलसर करून घट्ट झाकणाच्या डब्यात सेन्सरसोबत रात्रभर ठेवलं. आत 75 टक्के यायला हवेत, 74 आले. सेन्सर चोख आहे, त्याबद्दल माझी काही तक्रार उरली नाही.

तक्रार आहे ती लांब वायर मागितल्यावर कंपनीने दिलेल्या उत्तराची. "वायर वाढवली तर वॉरंटी जाईल, माणूस पाठवायचे पैसे वेगळे." अहो, तुमच्याच माहितीपत्रकात आरएस-485 (सेन्सरचा सिग्नल वायरीतून नेण्याची पद्धत) छापलंय, ती जोडणी शेकडो मीटर चालते! शेवटी पुण्याच्या बुधवार पेठेतून शिल्डेड (आत धातूचं आवरण असलेली) केबल आणली, सेन्सर फुलांच्या उंचीला घेतला, फॉगरच्या तुषारांपासून लांब, वर पांढऱ्या प्लॅस्टिकच्या ताटल्यांची छत्री. त्यानंतर पावसाळ्यात फॉगर जवळजवळ चाललाच नाही. पडदे उघडे ठेवून हवा खेळती राखली की भागतं.

मातीच्या प्रोबला मी आधी शून्य गुण देणार होतो. पाणी देऊन झालं तरी तो 'कोरडं' म्हणायचा. आमच्या बेडमध्ये लाल माती, शेणखत आणि भाताचं तूस. अशा भुसभुशीत बेडमध्ये प्रोबभोवती पोकळी राहते. त्याच मातीचा चिखल करून प्रोब घट्ट बसवला, शेजारी 15 सेंटिमीटर खोलीवर साधा टेन्शिओमीटर, म्हणजे माती जितकी कोरडी तितका मोठा आकडा दाखवणारी पाण्याने भरलेली नळी, लावला (पाणी उकळून गार केलेलंच भरा, नाहीतर हवेचे बुडबुडे धरतात). टेन्शिओमीटर 15 सेंटीबारला आला की प्रोब जो आकडा दाखवतो, त्यावर ड्रिप सुरू व्हायला लावलं. तेव्हापासून मस्त काम करतोय. पाणी वाचलं, मुळं पांढरीशुभ्र आहेत. आता प्रोबला पूर्ण गुण.

घेणार असाल तर वायर किती मीटर देणार ते आगाऊ रक्कम देण्याआधी कोटेशनवर लिहून घ्या. माझ्या केबलचे पैसे कंपनीने द्यावेत अशी तक्रार टाकली आहे, ती मी मागे घेणार नाही.