बीओएम उलगडायला काय घ्यावं: रिकर्सिव्ह फंक्शन की रिकर्सिव्ह क्वेरी?

कोल्हापूरजवळच्या शिरोली, गोकुळ शिरगावच्या कारखान्यांसाठी सॉफ्टवेअर लिहायचं म्हटलं की बीओएम, म्हणजे वस्तू कुठल्या भागांची बनते याची यादी (बिल ऑफ मटेरियल्स), काही चुकत नाही. पंप, त्याखाली केसिंग, त्याखाली कास्टिंग, त्याखाली कोअर. पोस्टग्रेस या डेटाबेसमध्ये ही उतरंड उलगडायच्या दोन वाटा: स्वतःलाच कॉल करणारं (रिकर्सिव्ह) फंक्शन, पोस्टग्रेसच्या पीएल/पीजीएसक्यूएल भाषेत लिहिलेलं, नाहीतर 2009 मध्ये आवृत्ती 8.4 सोबत आलेली 'विथ रिकर्सिव्ह' ही रिकर्सिव्ह क्वेरी. मी दोन्ही वापरलंय.

फंक्शन वाचायला सोपं, हे मान्यच. तळापासून खर्च गोळा करत वर यायचं असेल तर तेच सरळ पडतं, कारण क्वेरीच्या रिकर्सिव्ह भागात 'सम'सारखी अ‍ॅग्रीगेट (अनेक ओळींचं मिळून एक उत्तर काढणारी फंक्शनं) चालत नाहीत. वेगात मला तरी फारसा फरक जाणवला नाही.

माझं मन फिरलं ते डिपेंडन्सीमुळे, म्हणजे कोण कशावर अवलंबून आहे याच्या नोंदीमुळे. या फंक्शनचा मजकूर म्हणजे पोस्टग्रेसच्या लेखी नुसती स्ट्रिंग. आत कुठलं टेबल, कुठला कॉलम, याची नोंद नाही. एका कारखान्यात मशिनिंगनंतरचं वजन वेगळं ठेवायचं म्हणून कुणीतरी 'वजन' कॉलमचं नाव 'रफ वजन' केलं. डेटाबेसनं हूं की चूं केलं नाही. सुट्या कास्टिंगचे रिपोर्ट नीट निघत राहिले, कारण फंक्शनमधली 'वजन' वापरणारी ओळ त्यांच्यासाठी चालतच नव्हती. महिनाअखेरीला अख्ख्या पंपाचं कॉस्टिंग काढलं, तेव्हा एरर: असा कॉलमच नाही. तीच क्वेरी व्ह्यूमध्ये (डेटाबेसमध्ये नाव देऊन साठवलेल्या क्वेरीत) असती तर नवं नाव तिनं आपोआप धरलं असतं, आणि कॉलम ड्रॉप करू गेलं तर तिथल्या तिथं अडवलं असतं.

2021 च्या आवृत्ती 14 पासून 'बिगिन अ‍ॅटॉमिक'नं (मजकूर स्ट्रिंगमध्ये न ठेवता बनवतानाच तपासून घेणाऱ्या रीतीनं) लिहिलेल्या एसक्यूएल फंक्शनचीही अशी नोंद राहते. पण त्यात फंक्शन स्वतःलाच बोलवू लागलं की पंचाईत: बनवतानाच ते आधीपासून असावं लागतं. आधी रिकामं बनवून मग रिप्लेस केलं तर जमतं, पण पीजी-डंप या बॅकअपच्या साधनात शेवटचंच रूप उतरतं आणि रिस्टोअर तिथं अडतं. बॅकअपशी असा खेळ मला परवडत नाही.

म्हणून हल्ली मी आत 'विथ रिकर्सिव्ह' आणि बाहेरून 'बिगिन अ‍ॅटॉमिक' ठेवतो. फंक्शन स्वतःला बोलवत नाही, नोंद राहते, रिस्टोअर होतं. कुणी चुकून पंप त्याच्याच सुट्या भागाखाली टाकला, तर आवृत्ती 14 मध्ये क्वेरीला जोडता येणारं 'सायकल' कलम तो फेरा ओळखून थांबतं. रिकर्सिव्ह फंक्शन स्टॅकची (एकात एक कॉलसाठी राखलेल्या मेमरीची) मर्यादा संपेपर्यंत पळतं.

टेबलांना तुमचाच एकट्याचा हात लागत असेल, तर कदाचित जुनं फंक्शनही पुरेल. 13 किंवा त्याआधीची आवृत्ती असेल तर साधा व्ह्यू करा. फक्त तो सगळ्या पंपांची उतरंड आधी उलगडतो आणि मग त्यातून हवा तो पंप निवडतो, एवढं धरून चाला.